पठाराला उभी रेघ: शाईच्या एका चित्रमालेचं प्रकरण

साताऱ्यातली एक चित्रकर्ती. वय पस्तिशीच्या मागेपुढे, नोकरी शाळेत ड्रॉइंगच्या मॅडम म्हणून. शिक्षण इथल्या बहुतेकांसारखंच जलरंगातल्या स्पॉट लँडस्केपचं, म्हणजे जागेवर बसून काढलेल्या निसर्गचित्राचं: वाईचा घाट, मेणवली, माहुलीचा संगम. गेल्या काही वर्षांत रंग बाजूला ठेवून ती काळ्या शाईकडे वळली आणि यवतेश्वर, कास, ठोसेघर, चाळकेवाडी या पट्ट्यावर तिने अमूर्त निसर्गचित्रांची एक मालिका केली. पुण्यातल्या एका समूह प्रदर्शनात ती मांडायची होती. चित्रं मोठी, जोरकस, लांबूनही नजर खेचणारी. घरच्यांना आवडलेली, शाळेतल्या सहकाऱ्यांनाही. तिला स्वतःला मात्र ती पटत नव्हती, आणि का पटत नाहीत तेही सांगता येत नव्हतं. "सर, हात सुटलाय माझा. पण चित्र काही हाताला लागत नाही," एवढंच ती म्हणाली.

हे सगळं तिच्या संमतीने लिहितो आहे. नाव तिच्याच इच्छेने दिलेलं नाही. लिहावंसं वाटलं याचं कारण असं की आपल्याकडे 'आवेगी रेघ' हे विशेषण फार सैल हाताने वाटलं जातं. जोरात ओढली की आवेगी. या चित्रांत जोर भरपूर होता आणि रेघ तरीही निर्जीव होती.

गुंडाळी उघडली तेव्हा

चिनी बनावटीच्या पातळ कागदाच्या लांब पट्ट्या होत्या. बाजारात त्याला राइस पेपर म्हणतात. अस्सल कागद मात्र एका झाडाच्या आतल्या सालीचा आणि भाताच्या पेंढ्याचा लगदा मिसळून करतात, तांदळाचा त्यात संबंध नाही. त्यावर खालच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे वर झेपावणारा जाड काळा फटकारा, वर जाता जाता फाटत विरलेला. भोवती शिंतोडे. तळाशी धुक्यासारखा फिकट वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेली शाई. पहिलं चित्र पाहून मी थबकलो, हे कबूल करायला हवं. तिसऱ्या-चौथ्या चित्रापर्यंत मात्र पुढचं चित्र कसं असणार ते कागद उलगडायच्या आधीच कळायला लागलं.

एका जाणकाराने तिला "जरा चिनी वाटतात" असं सांगितलं होतं आणि ते तिच्या मनाला लागलं होतं. मला त्यात अडचण दिसली नाही. शाईच्या निसर्गचित्राचं व्याकरण तिकडचंच आहे. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीन-जपान पाहून आले, बिनोदबिहारी मुखर्जी १९३७-३८ मध्ये जपानला गेले, आणि तिथल्या पाण्याने कापलेल्या लाल माळाला त्या शाईतून काय मिळतं ते त्या मंडळींनी पाहिलं. उसनं घेण्यात कमीपणा नाही. काय उसनं घेतलं, एवढाच प्रश्न.

मी जाड पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी कापली आणि ती प्रत्येक फटकाऱ्यावरून सरकवत नेली. ही युक्ती जुनीच आहे, पण अमूर्त चित्रासाठी फार उपयोगी. खिडकीतून डोंगर, धुकं, भव्यता वगैरे दिसत नाही. रेघ फक्त रेघ म्हणून समोर येते. सुरुवातीला गोळा, मध्ये सपाट काळा पट्टा, शेवटी केसांसारख्या चिरफळ्या. दुसऱ्या चित्रात तेच. पाचव्यातही तेच. रेघ कुठे वळत नव्हती, अडखळत नव्हती, थांबत नव्हती. तिचा शेवट कुणी ठरवलेला नव्हता. कुंचल्यातली शाई संपली म्हणून ती संपली होती.

चीनमध्ये सहाव्या शतकाच्या आसपास श्ये ह या कलासमीक्षकाने चित्राच्या सहा कसोट्या मांडल्या. पहिली प्राणाची, आणि तिच्या पाठोपाठ लगेच कुंचल्यातल्या हाडाची: रेघेला आतून सांगाडा हवा. वाचताना हे गूढ वाटतं, सरावात ते अगदी हाताळण्याजोगं आहे. कुंचल्याचं टोक आधी उलट दिशेला किंचित दाबायचं आणि मग पुढे न्यायचं, म्हणजे टोक रेघेच्या पोटात लपतं. शेवटी पुन्हा मागे वळवून उचलायचं. टोक रेघेच्या मधोमध चाललं तर दोन्ही कडा सारख्या येतात. कुंचला कलता धरला तर एक कड धारदार आणि दुसरी फाटकी येते. हे तिला येत नव्हतं असं अजिबात नाही. लहान कागदावर तिने मला सगळं करून दाखवलं. मोठ्या कागदावर, त्या वेगात, त्यातलं काही उरत नव्हतं.

सुक्या रेघेचंही तसंच. शाई कमी असलेला कुंचला कागदावरून गेला की मधूनमधून पांढरं उघडं राहतं. वेगाने गेलेल्या कुंचल्याचे लांब, समांतर ओरखडे उमटतात. सुका कुंचला सावकाश, थोडा दाबून नेला तर कागदाचा पोत उठतो आणि पांढरं दाण्यादाण्याने राहतं. पहिल्यात फक्त दिशा दिसते, दुसऱ्यात घर्षण दिसतं. तिच्या सगळ्या चित्रांत पहिलाच प्रकार होता. कातळ कुठेच नव्हता, नुसता वारा.

आणखी एक गोष्ट मला पट्ट्या शेजारी शेजारी अंथरल्यावर दिसली. सगळ्या डोंगरांचा बाक एकच होता. यवतेश्वर असो की ठोसेघर, कमान तीच. कारण साधं निघालं. कागद जमिनीवर, ती एका जागी उभी राहून वाकलेली, आणि हात खांद्यातून फिरणारा. खांदा स्थिर असला की हात कंपासासारखा फिरतो आणि त्या कंपासाची त्रिज्या म्हणजे तिच्या हाताची लांबी. ज्याला ती सह्याद्रीचा आवेग समजत होती तो तिच्या सांध्याचा भूमितीचा धडा होता. मोठ्या हालचालीतून आपोआप मोठा आशय येतो हा समज अमूर्त चित्रकारांत फार मुरलेला आहे. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) मोठ्या कॅनव्हासांसाठी ओळखले जातात, पण १९८०च्या दशकात अपघातानंतर मोठं काम थांबलं तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईची रेखाटनं केली. तेवढ्याशा जागेत खांद्याला वावच नाही. तरी त्या रेघा ढिल्या पडत नाहीत.

घाई कुठून आली

"तू एवढ्या जोरात का ओढतेस?" असं मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं ती भावना, ऊर्जा असं काही बोलेल. ती म्हणाली, "हळू गेलं की फुटतं, सर."

माझ्या मते प्रकरणाची किल्ली या उत्तरात होती. तिच्या कागदाला खळ, म्हणजे शाई आत मुरू नये म्हणून देतात तो सरसासारखा लेप, नव्हती. खळ नसलेला पातळ कागद शाई टिपकागदासारखी ओढून घेतो. कुंचला क्षणभर रेंगाळला तरी डाग पसरतो. त्यात हा सगळा उद्योग साताऱ्याच्या पावसाळ्यात चाललेला. हवेतला ओलावा कागद आधीच प्यायलेला, शाई वाळायला दुप्पट वेळ, आणि तोवर ती तंतूंमधून सरकत राहणार. रेघ फुटू नये म्हणून तिने वेग वाढवला. वेगाने रेघ वाचली, पण रेघेतले निर्णय गेले. पुढे लोकांनी त्या वेगाचं कौतुक केलं आणि तोच तिची शैली म्हणून कायम झाला. कागदाच्या अडचणीवर काढलेली पळवाट स्वभाव म्हणून नावाजली गेली, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे, पण इतकं स्पष्ट क्वचित.

शाईचीही थोडी कुरबुर होती. ती बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वापरायची. तिच्यात लाखेचा अंश असतो. निबसाठी ती उत्तम, कारण वाळल्यावर पाण्याने हलत नाही. पण कुंचल्याच्या मुळाशी ती साठते, केस ताठ होतात, आणि खूप पाणी घालून फिकी केली की कण एकत्र येऊन वॉशमध्ये बारीक रवा दिसतो. कांडीची शाई म्हणजे काजळी आणि सरस, दगडावर पाण्यात उगाळलेली. पाइनच्या काजळीची शाई थंड, निळसर झाकेची. तेलाच्या काजळीची उबदार काळी. उगाळायला वेळ लागतो. तो वेळही कामाचा असतो असं मी तिला सांगितलं, त्यावर "शाळेतून आल्यावर स्वयंपाक आणि मग शाई उगाळायची का?" असं तिने विचारलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तोड निघाली ती अशी: वॉशसाठी कांडी, रेघेसाठी लाख नसलेली बाटलीतली शाई.

कागदाचं काम जास्त खोलात गेलं. पुण्याच्या हातकागद संस्थेतून तिने सुती चिंध्यांचा जाड कागद आणला. त्याला खळ असते, त्यामुळे शाई वर बसते आणि कुंचला थांबला तरी डाग पळत नाही. पहिल्यांदा तिला सावकाश रेघ ओढता आली. आणि ती लगेच वैतागली. वॉश वाळताना कडेला काळी किनार धरत होता, धुकं सगळं कापून ठेवल्यासारखं. चिनी कागदातलं जे तिला आवडत होतं, ते पाझरणं, तेच गेलं.

मग तुरटी आणि सरस. कोमट पाण्यात सरस विरघळवून त्यात थोडी तुरटी घातली की खळीचं पाणी तयार होतं. चीन-जपानकडचे चित्रकार खळ नसलेल्या कागदाला हेच पाणी देऊन तो बारीक कामासाठी तयार करतात. तिने ते पूर्ण कागदाला न देता रुंद ब्रशने आडव्या पट्ट्यांत दिलं, आणि त्यासाठी बिनखळीचा पण जाड कागद घेतला. पट्टीवर शाई थांबायची, पट्टीच्या बाहेर पाझरायची. एकाच फटकाऱ्यात वर करकरीत कड आणि खाली भिजलेला उतार. वाळल्यावर पट्ट्या कुठे दिल्या आहेत ते दिसतही नाही, त्यामुळे तिलाही शाई टाकल्यावरच कळायचं. हे तिने सहज करून पाहिलं होतं. त्याचा डोंगराशी काय संबंध, ते पुढे उलगडलं.

डोंगर उभा की आडवा

साताऱ्यातल्या कुठल्याही गच्चीवरून पाहा. अजिंक्यतारा, यवतेश्वर, पलीकडे सज्जनगड. एकाही डोंगराला शिखर म्हणावं असं टोक नाही. वर सपाटी, सपाटीखाली कातळकड्याचा पट्टा, त्याखाली गवताचा उतार, मग पुन्हा कडा, पुन्हा उतार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले, त्याची ही घडण. प्रवाहाचा एकसंध, कठीण भाग झिजायला वेळ घेतो, त्याचा कडा होतो. सच्छिद्र, मऊ भाग लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा थर, घाटात रस्ता कापलेल्या जागी दिसतो तसा. कासला, सुमारे १२०० मीटर उंचीवर, या सगळ्यावर जांभ्याचं झाकण, त्यावर बोटभर माती, आणि पावसात तिथेच साचून राहणारं पाणी.

म्हणजे या भूभागाची मूळ हालचाल आडवी आहे. उभं जे दिसतं ते मागाहून, पाण्याने कापून काढलेलं. तिच्या चित्रांत मात्र प्रत्येक डोंगर खालून वर उसळत होता.

अकराव्या शतकात ग्वो शी या चित्रकाराने डोंगर पाहण्याची तीन अंतरं सांगितली: पायथ्यापासून शिखराकडे पाहणं, समोरून मागच्या डोंगरांत खोल पाहणं, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगराकडे समपातळीत पाहणं. ती कासला जाऊन उभी राहायची तिसऱ्या ठिकाणी आणि घरी येऊन चित्र काढायची पहिल्या प्रकारचं. कारण तिने ज्या छापील चित्रांवरून शाई शिकली होती त्यांतली बहुतेक पहिल्या प्रकारची होती.

चिनी चित्रकारांनी खडकाचा पोत दाखवायला जे फटकारे बसवले, त्यांना आज आपण शैली म्हणून शिकतो. मुळात ती निरीक्षणं आहेत. ली थांगच्या ११२४च्या चित्रातले कुऱ्हाडीच्या घावासारखे तिरपे फटकारे कणखर, फुटक्या कड्यांसाठी. दक्षिणेतल्या दोंग युआनचे तागाच्या धाग्यांसारखे लांब, लवचिक फटकारे मातीच्या गोलसर टेकड्यांसाठी. आणि चौदाव्या शतकातला नी झान (१३०१–१३७४). ताई सरोवराच्या परिसरातल्या थराथरांच्या खडकासाठी त्याचा फटकारा असा: कलता कुंचला आडवा ओढत न्यायचा आणि कोपऱ्याशी आला की खाली मोडायचा. दुमडलेल्या पट्ट्यासारखा. मी तिला हा फटकारा काढून दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "हा तर यवतेश्वरचा कडा आहे."

आहे खरा. पण तो तसाच उचलून लावला असता तर एक उसना फटकारा जाऊन दुसरा उसना आला असता, फक्त जास्त जवळचा. मी तिला सांगितलं, नी झान बाजूला ठेव. आडवं जाऊन मोडणारी हालचाल तुझ्या हाताला आणखी कुठून माहीत आहे का, ते शोध.

मोडीचा फाटा

तिच्या घरी जमिनीचे जुने मोडी कागद आहेत. तिला मोडी वाचता येत नाही, म्हणूनच कदाचित ती त्या कागदांकडे नुसत्या रेघा म्हणून पाहू शकली. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो, शक्यतो हात न उचलता. आपण बाळबोध लिहिताना अक्षर आधी आणि शिरोरेघ मागाहून देतो, इथे उलट. वर रेघ, तिला लोंबत खाली सगळा मजकूर. टोक तिरपं कापलेल्या बोरूमुळे आडवी जाताना रेघ एका जाडीची, खाली वळताना दुसऱ्या. ज्या गावात छत्रपती शाहूंचा १७०८ साली राज्याभिषेक झाला आणि जिथून पुढे मराठी राज्याचा कागद हलला, तिथल्या घराघरांत अशी दप्तरं असणं नवल नाही. सज्जनगडाच्या समर्थांनी तर लेखनावर, त्यातल्या बोरूवर आणि शाईवरसुद्धा, अख्खा समास लिहून ठेवला आहे.

तिने बांबूची रुंद कामटी तासून मोठा बोरू केला आणि उत्साहाने कामाला लागली. पहिली चित्रं सरळसरळ अक्षरचित्रं झाली. वळणं, गाठी, वेलांट्या, सगळं देखणं आणि सगळं बैठकीच्या खोलीत लावण्यासारखं. मला ती आवडली नाहीत आणि मी तसं सांगितलं. हल्ली सुलेखन आणि अमूर्त चित्र यांच्यामधल्या जागेत फार गर्दी झाली आहे. अक्षराचा आकार आला की पाहणारा वाचायला जातो, वाचता आलं नाही की नुसतं 'वा!' म्हणतो, आणि डोंगर राहतो बाजूला.

पण मोडीतलं एक तिने ठेवलं, आणि तेच मोलाचं होतं: क्रम. वरची आडवी रेघ आधी. बाकी सगळं तिला टांगलेलं. जुन्या चित्रांत ती तळापासून सुरुवात करून वर चढायची. आता पठाराची कड आधी येणार, आणि कडे, घळी, सोंडा, पाणी हे सगळं तिच्यापासून खाली उतरणार. झीज ज्या दिशेने झाली त्याच दिशेने शाई जाणार.

चालत ओढलेली रेघ

आडवी, लांब, जवळपास सरळ रेघ खांद्यातून येत नाही; खांदा कमानच देतो. त्यासाठी अंगाला सरकावं लागतं. बिनखळीच्या जाड हातकागदाचे २२ बाय ३० इंची ताव तिने लांबीला लांबी लावून फळ्यांवर मांडले, गावाकडच्या घरी, सोप्यात, आणि कोपर अंगाशी ठेवून कडेकडेने चालत रेघ ओढायला लागली. पहिले प्रयत्न केविलवाणे होते. पावलागणिक रेघेला हिसका बसे.

तिचे वडील दाराशी बसून हे बघत होते. म्हणाले, "खाली काय बघती? तास सरळ यायचा तर बैलाच्या पायाकडं बघून भागत न्हाई. पल्याडच्या बांधाकडं बघायचं."

"आण्णा, शाई सांडंल की."

"सांडू दे. बांधाकडं बघ."

नजर रेघेच्या शेवटावर ठेवून चालल्यावर हिसके गेले. सगळे नाही. जे राहिले ते राहू द्यावेत असं आम्हा दोघांचंही मत पडलं, कारण पठाराची कड दुरून सरळ वाटते, पण नीट पाहिलं तर ती बारीक बारीक तुटलेली असते. मुख्य बदल शेवटात झाला. शेवट आधीच डोळ्यांसमोर असल्यामुळे कुंचला तिथे पोचून थांबू लागला. कधी दाबून, कधी खाली मोडून, कधी उचलून. फाटत विरणारी शेपटी गेली.

दोन तावांच्या मधला जोड ही अडचण होती. शाई तिथून खाली झिरपायची. तिने ताव बोटभर अंतर सोडून ठेवले. रेघ एका तावावरून उतरते, फळीवरून जाते आणि पुढच्या तावावर चढते. भिंतीवर लावतानाही ते अंतर तसंच ठेवलं. मधल्या रिकाम्या जागेत रेघ चालूच आहे असं डोळा धरून चालतो, खिंडीच्या दोन बाजूंचा डोंगर एकच आहे हे धरतो तसं. हे मला फार आवडलं, आणि हे पूर्णपणे तिचं आहे.

वॉशसाठी तिने चुना लावायचा कुंचा घेतला. कडेच्या रेघेखाली खळीच्या पट्ट्या आधीच दिलेल्या. कुंचा वरून खाली ओढला की शाई पट्टीवर अडते, खाली पाझरते, पुढच्या पट्टीवर पुन्हा अडते. कठीण थर, मऊ थर. कड्याचं चित्र काढावं लागत नाही. कागदच शाईशी तसा वागतो. तिच्या जुन्या चित्रांत अमूर्तता म्हणजे तपशील गाळणं होतं. इथे ती घडणीतून आली. डोंगराची बाह्यरेषा जवळजवळ नाहीच, तरी साताऱ्याच्या माणसाला ते ओळखू येतं.

या टप्प्यावर चित्रं थोडी मऊ पडली होती. अडणं-पाझरणं सुंदर, पण नजर कुठे टेकत नव्हती. तेव्हा मी तिला जपानी चित्रकार सेशूचं १४९५चं शाईचित्र पुन्हा बघायला लावलं, टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं. ते नेहमी 'फेकलेल्या शाई'चं उदाहरण म्हणून दाखवलं जातं, आणि वरवर तसंच आहे: फिकट डाग, त्यावर गडद डाग, डोंगराचा भास. पण खालच्या बाजूला डोळे आणून पाहिलं तर घराचं छप्पर, दुकानाच्या फडक्याची काठी, होडीतली माणसं, सगळं मोजक्या, सुक्या, टोकदार रेघांत. त्या पुसल्या तर वरचा सगळा डोंगर ओल्या भिंतीवरचा डाग होईल. तिने छप्पर किंवा होडी घेतली नाही. अगदी शेवटी, सगळं वाळल्यावर, बोरूच्या कोपऱ्याने काही आखूड, काळ्याकुट्ट, आडव्या खुणा केल्या, कड्याच्या पोटात. कुठे करायच्या हे ठरवायला तिला रेघेपेक्षा जास्त वेळ लागला.

तपासणी म्हणून आम्ही जुनी आणि नवी चित्रं उलटी लावून पाहिली. जुनी उलटी लावली तरी तितकीच छान दिसत होती, एखादं तर जास्तच. नवी उलटी केली की अस्वस्थ वाटायचं, सगळं वर पडतंय असं. माझ्या दृष्टीने हा पुरेसा पुरावा होता: नव्या रेघेला वजन होतं. अर्थात ही माझी कसोटी आहे. तिचे काही मित्र म्हणाले की अमूर्त चित्र उलटंही चाललं पाहिजे. चालू द्या. निसर्गचित्र म्हणायचं असेल तर वर-खाली सोडता येत नाही असं मी मानतो.

काय राहिलं, काय गेलं

जुन्या मालिकेतलं एक चित्र तिने हट्टाने ठेवलं आणि ते बरोबर होतं. ठोसेघरचं. तिथे धबधबा आहे. तिथे उभी, वेगाची, फाटत जाणारी रेघ खरी आहे, पाणी तसंच पडतं. फक्त तिने ते नव्याने काढलं तेव्हा फटकारा खालून वर न नेता वरून खाली आणला, आणि त्यासाठी पुन्हा तोच पातळ चिनी कागद वापरला. वेग कागदाच्या भीतीने आलेला नसला की तोच वेग वेगळा दिसतो. कागदही तोच, हातही तोच.

पुण्याच्या प्रदर्शनात तिने नवी आडवी चित्रं लावली, ठोसेघर लावलं, आणि आयोजकांच्या आग्रहाखातर पहिल्या मालिकेतलं एक उसळत्या डोंगराचं चित्रही. विकलं गेलं ते उसळत्या डोंगराचंच. आडव्या चित्रांसमोर लोक थांबत होते, पण त्यांना भिंत लांब लागते, आणि जोडांमधलं अंतर पाहून "फ्रेम एकच करून मिळेल का?" असं विचारणारेही भेटले. तिने नाही म्हटलं. मी असतो तर कदाचित हो म्हटलं असतं.

एका बाबतीत आमचं अजून जमलेलं नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि तिच्या मते आजच्या पठाराची खरी उभी रेघ तीच. तिने बोरूने, एका ओळीत, पठाराच्या कडेवर त्या उभ्या केल्या. माझ्या मते त्या आल्या की नजर मोजायला लागते आणि आडवी रेघ जमीन न राहता पाया होऊन बसते. तिचं म्हणणं, चाळकेवाडीत उभं राहिल्यावर नजर तेच करते, मग चित्राने का करू नये? यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी ती ते चित्र तिथेच, पठारावरच्या वाऱ्यात, ताव दगडांखाली दाबून पुन्हा करणार आहे. खळीच्या पट्ट्या तिथल्या उन्हात नीट वाळतील का याची मला शंका आहे. ती म्हणते, नाही वाळल्या तर ते दिसेलच.